किलमाँगरच्या आधीची तीन मुले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी अभिनेते मायकेल बी. जॉर्डन यांच्यावर आलेला लेख वाचला. परक्या चित्रसृष्टीतल्या एका कलावंताची मराठी वाचकाला आस्थेने ओळख करून देण्याचा त्यामागचा हेतू स्वागतार्ह आहे. मात्र 2018 मधल्या ‘ब्लॅक पँथर’ या सुपरहिरोपटाने त्यांना रातोरात मोठे केले आणि त्याआधीची दूरचित्रवाणीवरची वर्षे ही केवळ संधीची वाट पाहण्यात गेली, असा जो सूर त्या लेखात लागला आहे, तो मला पटला नाही. त्या चित्रपटात जॉर्डन यांनी रंगवलेला एरिक किलमाँगर हा खलनायक जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात घर करून बसला, याचे श्रेय जॉर्डन यांनी छोट्या पडद्यावर साकारलेल्या तीन किशोरवयीन मुलांकडे जाते, असे माझे ठाम मत आहे. लेखात या तीन भूमिकांसाठी मिळून दोन ओळी खर्ची पडल्या आहेत. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

जॉर्डन यांचा जन्म 9 फेब्रुवारी 1987 रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना येथे झाला आणि ते वाढले न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात. लहानपणी जाहिरातींसाठी मॉडेलिंग, 1999 मध्ये ‘द सोप्रानोज’सारख्या मालिकेत एका भागापुरते दर्शन, 2001 मध्ये ‘हार्डबॉल’ या चित्रपटात एक छोटी भूमिका, इथवरची वाटचाल अनेक बालकलाकारांची असते तशीच आहे. खरी सुरुवात झाली ती 2002 मध्ये, बाल्टिमोर शहरातल्या अमली पदार्थांच्या धंद्यावर आणि पोलिसांवर आधारलेल्या ‘द वायर’ या मालिकेच्या पहिल्या पर्वात. तिथे त्यांनी वॉलेस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाची भूमिका केली. चित्रीकरणाच्या वेळी ते स्वतः जेमतेम पंधरा वर्षांचे होते.

वॉलेस हा टोळीच्या अगदी तळच्या पायरीवरचा पोरगा. एका ओसाड घरात तो राहतो आणि त्याच्यासारख्याच बेवारस लहानग्यांचा सांभाळ करतो. सकाळी त्यांना उठवायचे, प्रत्येकाच्या हातात फळांच्या रसाचे एक पाकीट आणि वेफर्सची पुडी द्यायची आणि शाळेत पिटाळायचे, हा त्याचा नित्यक्रम. एका प्रसंगात त्यांच्यातले एक पोर बसमधल्या प्रवाशांचे गणित घेऊन त्याच्याकडे येते. किती चढले, किती उतरले, हे काही त्याला सुटत नाही. वॉलेस तेच गणित मालाच्या पुड्यांच्या भाषेत घालतो, आणि पोर क्षणात अचूक उत्तर देते. मग मघाचे गणित का जमले नाही, असे वॉलेस विचारतो. पुड्यांचा हिशेब चुकला तर मार पडतो, असे ते पोर सहज सांगून टाकते. त्यावर जॉर्डन यांच्या वाट्याला मोठे भाषण नाही आणि अश्रूही नाहीत. समोरच्या मुलाच्या जागी वॉलेसला आपलेच बालपण दिसते आहे, एवढेच त्या चेहऱ्यावरून कळायला हवे, आणि ते कळते. पुढे त्याने दिलेल्या खबरीमुळे एका तरुणाचा छळ करून खून होतो, त्या धक्क्याने वॉलेस खचत जातो आणि अखेरीस त्याचे दोन सोबतीच टोळीच्या हुकमावरून त्याला गोळ्या घालतात. आपल्या मित्रांकडे जीवदान मागणाऱ्या मुलाचे ते भय पाहताना, हा मुलगा अभिनय करतो आहे याचा विसर पडतो. या मालिकेची ज्या ज्या वेळी चर्चा होते, त्या त्या वेळी या मृत्यूचा उल्लेख आजही हटकून होतो. पहिल्या मोठ्या भूमिकेतच एवढा ठसा उमटवणाऱ्या कलावंताला सोळा वर्षांनंतर एका सुपरहिरोपटाने घडवले, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी भूमिका दुपारच्या दैनंदिन मालिकेतली आहे. ‘ऑल माय चिल्ड्रन’ ही अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 1970 ते 2011 या काळात चाललेली लोकप्रिय मालिका. 2003 ते 2006 या काळात जॉर्डन यांनी तिच्यात रेजी हा वाट चुकलेला, नंतर एका वकिलाने दत्तक घेतलेला मुलगा साकारला. अशा मालिकांचे आठवड्यातून पाच भाग प्रसारित होतात, त्यामुळे संवाद रोज नवे असतात आणि चुका दुरुस्त करत बसण्याइतका वेळ नसतो. या शिस्तीविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण अभिनयाकडे गांभीर्याने पाहणाऱ्या कोणालाही तिचे मोल कळते. या भूमिकेचा जो इतिहास आहे, तो मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, आणि आपल्या लेखातून तो सुटून गेला आहे.

जॉर्डन यांच्याआधी ही भूमिका दुसऱ्याच एका तरुण नटाला मिळाली होती. त्या नटाचे नाव चॅडविक बोसमन. सुरुवातीचे चित्रीकरण झाल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागले, कारण लिहिलेले पात्र कृष्णवर्णीय तरुणांविषयीच्या ठरीव कल्पनांचा साचा घेऊन आले होते. त्याचा बाप परागंदा आणि आई व्यसनी. हे असेच का, या मुलाला काही कसब, काही वेगळेपण आहे की नाही, असे प्रश्न बोसमन यांनी निर्मात्यांपुढे मांडले, आणि लवकरच त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे 2019 मध्ये जॉर्डन यांच्यासोबत दिलेल्या मुलाखतीत बोसमन यांनी स्वतः हा प्रसंग सांगितला. आपल्या काही सूचना नंतर पात्रात उतरल्या, असेही ते म्हणाले. त्या वेळी जेमतेम सोळा वर्षांच्या असलेल्या, ‘द वायर’मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या जॉर्डन यांना या घडामोडींची कल्पना नव्हती. बोसमन यांनी नोकरी गमावून विचारलेल्या प्रश्नांचा लाभ आपल्याला झाला, हे त्या मुलाखतीत त्यांनी कृतज्ञतेने मान्य केले. ‘ब्लॅक पँथर’मध्ये राजा टचाला झालेले बोसमन आणि त्याच्या सिंहासनावर हक्क सांगणारा किलमाँगर झालेले जॉर्डन हे दोघे पंधरा वर्षांपूर्वी एकाच भूमिकेच्या दोन टोकांना उभे होते, हे ध्यानात घेतले की त्या चित्रपटातला संघर्ष अधिक खोल जाणवतो. एकाने साच्याविरुद्ध आवाज उठवला आणि तो बाहेर पडला, दुसऱ्याने त्याच साच्यात राहून त्याच्यात जीव भरला. यात मी डावे-उजवे करणार नाही. पण वॉलेस काय किंवा रेजी काय, कृष्णवर्णीय मुलाला छोट्या पडद्यावर जागा मिळायची ती बहुतेक वेळा गुन्हा, व्यसन आणि तुटलेले घर यांच्या चौकटीतच, ही त्या काळाची उणीव होती, आणि दूरचित्रवाणीची थोरवी सांगताना ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

तिसरा मुलगा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ ही टेक्सास राज्यातल्या डिलन या काल्पनिक गावातल्या शालेय फुटबॉल संघाची कहाणी. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी पद्धतीचा, लंबगोल चेंडूचा खेळ. 2009 ते 2011 या काळातल्या शेवटच्या दोन पर्वांत जॉर्डन यांनी ईस्ट डिलन शाळेच्या संघातला व्हिन्स हॉवर्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, रंगवला. व्हिन्स मैदानावर येतो तोच पोलिसांच्या सोबतीने. बालसुधारगृह टाळायचे असेल तर संघात उतर, एवढाच पर्याय त्याच्यापुढे असतो, आणि त्याआधी तो हा खेळ संघातून कधीच खेळलेला नसतो. घरी आई व्यसनाच्या विळख्यात आणि बाप तुरुंगात. आईच्या उपचारांसाठी पैसे उभे करायचे म्हणून तो पुन्हा जुन्या सोबत्यांच्या वाटेला लागतो. दुसरीकडे प्रशिक्षक एरिक टेलर यांच्या रूपाने त्याच्या आयुष्यात प्रथमच असा एक वडीलधारा माणूस येतो, जो त्याच्याकडून काहीतरी चांगले घडेल अशी अपेक्षा धरतो.

या मालिकेची चित्रीकरणाची पद्धत वेगळी होती. सेट उभारण्याऐवजी ऑस्टिन आणि परिसरातल्या खऱ्या जागा वापरल्या जात. आधी तालीम नसे, कोणी कुठे उभे राहायचे याच्या खुणाही आखलेल्या नसत, एकाच वेळी तीन कॅमेरे कलावंतांचा माग घेत आणि लिहिलेल्या संवादात आपली भर घालण्याची कलावंतांना मुभा असे. कोणता कॅमेरा आपल्यावर रोखलेला आहे हे ठाऊक नसल्यामुळे नटाला संपूर्ण प्रसंगभर पात्रात राहावे लागते. दोन वाक्यांमधल्या शांततेतही व्हिन्स व्हिन्सच राहिला पाहिजे, आणि जॉर्डन यांनी तो तसा ठेवला. संघाचा नेता झाल्यावर, तुरुंगातून सुटून आलेला बाप त्याच्या यशावर हक्क सांगू लागतो आणि त्याला आपल्या संघात घेऊ पाहणाऱ्या मोठमोठ्या विद्यापीठांशी परस्पर बोलणी सुरू करतो, तेव्हाचा व्हिन्स मुद्दाम पाहावा. बापाने आपल्याकडे अखेर लक्ष दिल्याचा आनंद, त्याने इतकी वर्षे न दिल्याचा राग आणि टेलर यांच्याशी आपण प्रतारणा करतो आहोत ही बोच, या तिन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर एका वेळी नांदतात. बापाविना वाढलेला मुलगा काही वर्षांनंतर किलमाँगरच्या रूपाने पुन्हा आपल्यासमोर येणार होता, आणि त्याची बाराखडी जॉर्डन इथे गिरवून झाले होते.

मालिकांतले काम आणि मोठा पडदा यांच्यातला दुवा म्हणजे दिग्दर्शक रायन कूगलर. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात 1 जानेवारी 2009 च्या पहाटे ऑस्कर ग्रँट या तरुणाला रेल्वे पोलिसाने फलाटावर गोळी घातली. त्या घटनेवरचा ‘फ्रूटवेल स्टेशन’ हा आपला पहिला चित्रपट लिहिताना कूगलर यांच्या डोळ्यांसमोर जॉर्डनच होते, आणि ते होते त्यांच्या मालिकांतल्या कामामुळे. सुमारे 9 लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाला 2013 च्या सनडान्स या अमेरिकी चित्रपट महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक आणि प्रेक्षकांचा कौल अशी दोन्ही पसंती मिळाली. पुढे मुष्टियुद्धावरचा ‘क्रीड’ आणि ‘ब्लॅक पँथर’ हे चित्रपट याच जोडीचे. म्हणजे किलमाँगरची भूमिका जॉर्डन यांच्याकडे ज्या वाटेने आली, ती वाट वॉलेस आणि व्हिन्स यांच्या दारातूनच जाते.

सुपरहिरोपट नटाला घडवतो, या समजुतीला तर जॉर्डन यांचीच कारकीर्द छेद देते, कारण ‘ब्लॅक पँथर’ हा त्यांचा पहिला असा चित्रपट नव्हताच. 2012 च्या ‘क्रॉनिकल’मध्ये अचानक अतिमानवी शक्ती लाभलेल्या तीन शाळकरी मुलांपैकी ते एक होते. थोडक्या खर्चातल्या त्या चित्रपटाने 12 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्यानंतर 2015 मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये त्यांनी जॉनी स्टॉर्म हा अग्निमानव केला. चित्रकथांत हे पात्र गौरवर्णीय असल्याने त्यांच्या निवडीवर टीकेचा भडिमार झाला. जॉर्डन यांनी एका साप्ताहिकात लेख लिहून शांतपणे उत्तर दिले, की पुढच्या पिढ्यांसाठी हा रोष आपण आपल्या अंगावर घेऊ. तो चित्रपट मात्र साफ कोसळला. 12 कोटी डॉलरच्या घरात निर्मितीखर्च असलेल्या चित्रपटाची जगभरची मिळकत 17 कोटींच्याही आत राहिली आणि समीक्षकांनी तो अव्हेरला. नट तोच, निवडही सुपरहिरोपटाचीच, तरी कोणी घडले नाही. त्याच वर्षी तीन महिन्यांनी आलेल्या ‘क्रीड’ने, म्हणजे पुन्हा एकदा बापाच्या सावलीतल्या मुलाच्या गोष्टीने, त्यांना सावरले.

आता ‘ब्लॅक पँथर’कडे येतो. सुमारे 135 कोटी डॉलरची मिळकत आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा पहिला सुपरहिरोपट हा मान, या गोष्टी आपल्या लेखात आल्या आहेत. किलमाँगरच्या अंगावरच्या व्रणांचे वर्णनही आले आहे. त्यासाठी सिलिकॉनचे सुमारे 90 साचे वापरले जात आणि ते चढवायला दोन-अडीच तास लागत, हे खरे. परंतु त्या भूमिकेचा गाभा या रंगभूषेत नाही. मला तो एका छोट्या प्रसंगात दिसतो. सिंहासन जिंकल्यावर विधीनुसार किलमाँगर पूर्वजांच्या लोकात जातो. टचाला तिथे जातो तेव्हा त्याला अथांग माळरान आणि जांभळे आकाश दिसते, तर किलमाँगरला दिसते ऑकलंडमधले ते लहानसे घर, जिथे त्याच्या बापाचा खून झाला. समोर बाप बसला आहे. माझ्यासाठी तुला रडू येत नाही का, असे तो विचारतो, तेव्हा पडद्यावर लहान मुलगा आहे आणि तो निर्विकारपणे म्हणतो, की इथे माणसे मरतातच. पुढच्याच क्षणी त्या मुलाच्या जागी प्रौढ जॉर्डन येतात आणि गालावरून एक अश्रू ओघळतो. वस्तीतल्या मृत्यूंना सरावलेला तो मुलगा आपण बाल्टिमोरच्या त्या ओसाड घरात पाहिलेला आहे, आणि बापासमोर राग आणि माया एकाच वेळी गिळणारा तरुण टेक्सासच्या मैदानावर. चित्रपटात या प्रसंगाला मोजकीच मिनिटे मिळतात. तेवढ्यात एवढे सारे पोचवता येते, कारण नटाने त्याची तयारी अनेक पर्वे, अनेक भाग केलेली आहे.

शेवटी जखमी किलमाँगरला टचाला वाचवू पाहतो. तेव्हा बेड्यांत जगण्यापेक्षा गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात उड्या घेणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या सोबतीला जाणे तो पत्करतो. खलनायकाच्या मरणाने प्रेक्षागृहे हळहळली, हे सुपरहिरोपटांत क्वचित घडते. या भूमिकेसाठी जॉर्डन यांनी स्वतःला आप्तांपासून दूर ठेवले होते, आणि चित्रीकरणानंतर त्या एकाकीपणातून बाहेर येण्यासाठी मानसोपचारांची मदत घेतली, हे त्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध मुलाखतकार ऑप्रा विन्फ्री यांच्याशी बोलताना उघडपणे सांगितले. तरुण पुरुष कलावंताने ही गोष्ट न संकोचता सांगावी, याचे मला विशेष कौतुक वाटते.

हा केवळ एका नटाचा प्रश्न नाही. थॉर हा सुपरहिरो झालेले ख्रिस हेम्सवर्थ 2004 पासून काही वर्षे ‘होम अँड अवे’ या ऑस्ट्रेलियन मालिकेत रोजचे काम करत होते. 2017 पासून स्पायडरमॅनच्या चित्रपटांत दिसलेल्या झेंडाया 2010 मध्येच डिस्ने वाहिनीवरच्या ‘शेक इट अप’मधून घरोघरी पोचल्या होत्या. अतिमानवी शक्ती, विजांचे लोळ आणि संगणकावर रचलेली नगरे यांच्यामध्ये माणसाचा चेहरा जिवंत ठेवायचा असेल, तर कॅमेऱ्यासमोर सहजपणे वावरण्याची सवय नटाच्या अंगात मुरलेली असावी लागते, आणि ती सवय मालिकांइतकी क्वचितच कुठे लागते. जॉर्डन यांनी 2023 मध्ये ‘क्रीड’च्या तिसऱ्या भागाचे दिग्दर्शन केले आणि 2025 मध्ये कूगलर यांच्याच ‘सिनर्स’मध्ये 1932 च्या मिसिसिपीतल्या जुळ्या भावांची दुहेरी भूमिका निभावली. तिथे एकाच चेहऱ्याची दोन माणसे केवळ चालण्या-बोलण्यातून वेगळी ओळखू येतात. याचाही उगम शोधायचा तर मालिकांकडेच जावे लागेल.

आपणास विनंती एवढीच, की परदेशी कलावंतांवरच्या अशा लेखांसोबत त्यांच्या मालिकांची नावे, भूमिका आणि वर्षे यांची चौकट चित्रपटांच्या चौकटीइतकीच ठळकपणे छापावी. तसेच शक्य असल्यास ‘फ्रायडे नाइट लाइट्स’च्या चौथ्या आणि पाचव्या पर्वांवर आपल्या समीक्षकांकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा. बोसमन आणि जॉर्डन यांच्यातला रेजीच्या भूमिकेचा दुवाही आपल्या वाचकांपर्यंत पोचणे आवश्यक आहे. पत्र लांबल्याने जागेअभावी काटछाट करावी लागली, तर तेवढा परिच्छेद कृपया राहू द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक